मुदतवाढ, मुक्काम गोठणगाव

परदेशात राहून व्हिजाची मुदत वाढवून घेणे ही पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांची मक्तेदारी आहे, असा आपल्याकडे समज आहे. या विद्येत मुरलेली महाराष्ट्रातली खरी घराणी मात्र गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहतात. इटियाडोह धरणाच्या बाजूला, गोठणगाव-प्रतापगडाच्या परिसरात त्यांची वस्ती आहे. १९७२ पासून ही मंडळी परदेशात आहेत. त्या परदेशातच त्यांची लग्ने झाली, मुले झाली, नातवंडे झाली, धानाची रोवणी आणि कापणी पन्नासाहून अधिक वेळा होऊन गेली. मुक्काम अजून तात्पुरता आहे. मुदतवाढ चालू आहे.

वस्तीचे तिबेटी नाव नोरग्येलिंग. आजूबाजूच्या गावांत ‘तिबेटी कॅम्प’ म्हटले की कुणीही रस्ता दाखवतो. ३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले आणि यांना ठेवायचे कुठे हा प्रश्न नेहरूंच्या सरकारपुढे उभा राहिला. कर्नाटकाने बैलकुप्पे दिले, मुंडगोड दिले. तेव्हाच्या मध्य प्रदेशाने मैनपाट दिले. ओडिशाने चंद्रगिरीचे डोंगर दिले. मैनपाटला निदान थंड हवा तरी आहे. महाराष्ट्राने जागा काढली ती झाडीपट्टीत. सरकारी नोकराची खोड मोडायची असेल तर त्याची पूर्व विदर्भात बदली करतात, हे जगजाहीर आहे. पण तिबेटच्या पठारावरून थेट विदर्भाच्या मे महिन्यात बदली, ही कल्पना मंत्रालयालाही सुचली नसती. याकच्या लोकरीत वाढलेली माणसे पारा ४५ च्या वर जातो तिथे आली, बांध्यांतल्या चिखलात उतरली आणि धान पिकवायला शिकली. तक्रार तरी कुणाकडे करायची? ज्याच्याकडे करायची तो साहेब स्वतःच बदलीच्या खटपटीत.

आता कायद्याची बाजू. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे आपल्या कायद्याला निर्वासित नावाचा प्राणी दिसतच नाही. त्याला दोनच जाती ठाऊक: नागरिक आणि परदेशी. जो नागरिक नाही तो परदेशी, मग तो काल विमानातून उतरलेला जर्मन पर्यटक असो की गोठणगावात येऊन तिथेच म्हातारी झालेली एखादी तिबेटी आजी असो. परदेशी म्हटला की त्याची नोंदणी आली आणि नोंदणी म्हटली की तिचे नूतनीकरण आले. जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक हाच परदेशी नागरिकांचा नोंदणी अधिकारी असतो. त्याच्या कचेरीतून जे प्रमाणपत्र मिळते त्याला वस्तीत ‘आरसी’ म्हणतात.

आरसी म्हटले की इतरांना मोटरसायकल आठवते. त्या आरसीला निदान पंधरा वर्षे हात लावावा लागत नाही. माणसाची आरसी त्या मानाने नाजूक. बहुतेकांना ती पूर्वी दरवर्षी वाढवून घ्यावी लागे. पुढे दीर्घकाळ राहिलेल्यांसाठी आणि इथेच जन्मलेल्यांसाठी मुदत पाच वर्षांची झाली. म्हणजे ग्रामपंचायतीच्या सदस्याइतकी. फरक एवढाच, की सदस्याला मुदत संपत आली की लोकांच्या दारात जावे लागते आणि यांना पोलिसांच्या.

घरातली आरसीची पिशवी हा पाहण्यासारखा ऐवज असतो. जाड प्लॅस्टिकची, चेन लावलेली, कपाटात सगळ्यात वर. तिच्यात प्रत्येकाची आरसी, पासपोर्ट आकाराचे फोटो, मागच्या वेळच्या झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. पावसाळ्यात घरात पाणी शिरायला लागले तर आधी काय उचलायचे हे घरातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. आता अर्ज ऑनलाइन झाले आहेत, म्हणजे पूर्वी जी कामे पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून व्हायची ती आता नेट येण्याची वाट पाहत होतात. बाकावर निदान पंखा होता.

या लोकांनी एक विक्रमही केला आहे, तोही एक पाऊल न हलता. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया वेगळा निघाला. अर्जुनी मोरगाव तालुका गोंदियाच्या वाटणीला आला. ज्यांची सगळी ओळख पत्त्यावर उभी, त्यांचा पत्ताच रातोरात बदलला. तिबेटींचे निर्वासित प्रशासन धरमशालेला आहे. तिथल्या कागदांवर या वस्तीला अजूनही सर्रास ‘भंडारा’च म्हणतात. याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गोंदियाची कित्येक अस्सल माणसेसुद्धा पंचवीस वर्षे झाली तरी ‘आपला भंडारा जिल्हा’ म्हणून जातात.

इकडे खुद्द गोंदिया शहरात व्हिजाची वेगळीच शाळा भरते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे अशा घरातल्या आईला पाच वर्षांपूर्वी पासपोर्टचा रंगही ठाऊक नसायचा. आज ती बाजारात भाजी निवडता निवडता ‘आरएफई आला’, ‘प्रायॉरिटी डेट मागे गेली’, ‘ड्रॉपबॉक्स बंद झाला’ अशी बातमीपत्रे देते. एच-१बी या नोकरीच्या व्हिजाची मुदत तीन अधिक तीन अशी सहा वर्षांची, ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकलेला असला तर त्यापुढेही वाढते, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा गाशा गुंडाळायचा, हे तिला तोंडपाठ. पण त्यातली खरी गंमत समजायला बराच वेळ लागतो. अमेरिकेत राहण्याची परवानगी वेगळी आणि अमेरिकेत शिरण्याची परवानगी वेगळी. पहिली तिथे बसून वाढवता येते. दुसरीसाठी देशाबाहेर जावे लागते, कारण तो शिक्का वकिलातीत मिळतो आणि अमेरिकेची वकिलात अमेरिकेत नाही. त्यामुळे सगळे काही कायदेशीर असलेला मनुष्य बहिणीच्या लग्नाला गोंदियाला येतो आणि परत जायला मिळेल की नाही या चिंतेत अक्षता टाकतो. फोटोत तो रडवेला दिसतो. पाहुणे म्हणतात, बहिणीवर किती जीव आहे!

हा घोळ अमेरिकन सरकारलाही कळतो. २०२४ च्या जानेवारी अखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या तारखेपर्यंत त्यांनी २०,००० लोकांपुरता एक प्रयोग केला: देशाबाहेर न जाता तिथल्या तिथे शिक्का. लोकांनी पेढे वाटले. प्रयोग संपला. मग १९ सप्टेंबर २०२५ ला, ऐन पितृपक्षात, एच-१बीवर १,००,००० डॉलर फीची घोषणा झाली. नियम कुणाला लागू, कुणाला नाही, हे पहिल्या दिवशी कुणालाच कळेना. सुट्टीवर आलेले लोक श्राद्धाचे ताट सोडून विमानतळाकडे धावले, काहीजण निघायच्या बेतात असलेल्या विमानांतून उतरले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, की हे फक्त नव्या अर्जांसाठी आहे. पितर जेवले की नाही कुणास ठाऊक. विमान कंपन्या मात्र पोटभर जेवल्या.

अशा वेळी देवही लागतो. हैदराबादजवळच्या चिलकूरचा बालाजी ‘व्हिजा बालाजी’ म्हणून प्रसिद्ध आहे. नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा आणि काम झाल्यावर एकशे आठ. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. २०२३ च्या अखेरीस तिथून हैदराबादला प्रवासी विमान पुन्हा सुरू झाले, तेव्हा काही पालकांनी ती सरकारने खास आपल्यासाठीच केलेली सोय मानली असेल तर नवल नाही. एकशे आठ प्रदक्षिणांमध्ये एक चोख व्यवहारही आहे: आधी अंमलबजावणी, मग फी. जगातला कोणताही दूतावास फी आधी घेतो आणि नकार दिला तरी परत करत नाही.

दुबईवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. पर्यटक म्हणून गेलेल्याला नोकरी मिळाली किंवा मुदत संपली, तर एकदा देशाबाहेर जाऊन परत यायचे, याला तिकडे सरळ ‘व्हिजा चेंज’ म्हणत. त्यासाठी इराणचे किश बेट होते, ओमानची सीमा होती. समुद्रावरून उडायचे, बेटावर दोन दिवस खाटेवर पडून कागदाची वाट पाहायची आणि जिथून उडालो तिथेच उतरायचे. प्रवासवर्णनाच्या वाङ्मयात या सहलींना अजून कुणी हात घातलेला नाही.

गोठणगावच्या माणसाला परदेशी जायचे झाले तर हे सगळे प्रकार एकाच पानात वाढून मिळतात. त्याच्याकडे पासपोर्ट नसतो. त्याऐवजी भारत सरकार त्याला ‘आयडेंटिटी सर्टिफिकेट’ देते. ते पिवळ्या कव्हरचे, म्हणून बोलण्यात ‘यलो बुक’. धरमशालेच्या प्रशासनाचे एक ‘ग्रीन बुक’ असते, ते वेगळे. त्या यलो बुकवर परक्या देशाचा व्हिजा मिळवायचा, हा पहिला अंक. मग भारतातून बाहेर पडायचा परवाना, हा दुसरा. आणि तिसरा अंक म्हणजे परत येण्याची परवानगी. टोरांटोच्या मावशीला भेटून पुन्हा गोठणगावात, आपल्याच घरी, आपल्याच कोंबड्यांत परत येण्यासाठी आधी शिक्का लागतो. त्यातून विमानतळावरच्या काउंटरवरचा पोरगा ते पिवळे पुस्तक उलटेपालटे करून पाहतो आणि आत साहेबाला विचारायला जातो. मागची रांग कुरकुरते. तेवढ्यात पलीकडून जर्मन पर्यटक आरामात निघून जातो.

मग हे लोक भारताचे नागरिक का होत नाहीत, असा प्रश्न चहाच्या टपरीवर हमखास निघतो. उत्तर विनोदी आहे, पण ते विनोदी असावे असे कुणाच्या मनात नव्हते. नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी भारताच्या भूमीवर जो जन्मला तो जन्माने भारतीय; आई-बाप कोण, हे विचारायचे कारण नाही. १ जुलै १९८७ पासून पुढे आई-बापांपैकी एक तरी नागरिक हवा आणि २००४ च्या डिसेंबरपासून अटी आणखी कडक. आता समजा, तिबेटातून आलेल्या एका जोडप्याला १९८६ मध्ये मुलगी झाली आणि १९८९ मध्ये मुलगा. एकच घर, एकच अंगण, एकाच पातेल्यातला थुक्पा. ताई भारतीय, भाऊ परदेशी. राखीपौर्णिमा म्हणजे द्विपक्षीय संबंध.

कायद्यात हे लिहिलेले होते, पण ते वाचून घ्यायला न्यायालयात जावे लागले. १९८६ मध्ये कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारला गेला, कारण त्यांनी स्वतःला तिबेटी म्हणवले होते. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की जन्माने मिळालेले नागरिकत्व स्वतःला काय म्हणवले यावरून जात नाही. याच बाई पुढे तिबेटींच्या निर्वासित संसदेच्या सदस्य झाल्या. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेटींना मतदार यादीत घ्यायला सांगितले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा बजावले आणि २०१७ मध्ये पासपोर्ट द्यायचे ठरले. ठरले म्हणजे अटींसकट: आरसी रद्द करून आणा, यलो बुक जमा करा, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा आणि तिबेटी वसाहतीत राहू नका. थोडक्यात, तुम्ही भारतीय आहात हे मान्य. आता घर खाली करा. परदेशी होता तोवर गोठणगावात राहायला हरकत नव्हती. भारतीय झाल्यावर मात्र भारतातल्या या एका वस्तीतून निघायचे. हे ज्या कचेरीत लिहिले गेले तिथे त्या दिवशी चहा आला नसावा.

आणि सगळ्यांना पासपोर्ट हवाच असतो असेही नाही. कित्येकांनी हक्क असूनही तो घेतलेला नाही. आपला देश आहे आणि आपण तिथे परत जाणार आहोत, हे सांगणारा हातातला एकमेव सरकारी पुरावा म्हणजे ही आरसी, असे मानणारे वस्तीवस्तीत भेटतात. ग्रीन बुकवर ते धरमशालेच्या संसदेसाठी आणि सिक्योंग या प्रमुखपदासाठी मतदान करतात. अर्जुनी मोरगावच्या आमदाराशी ज्यांचे मतदार म्हणून काही देणेघेणे नाही, ते हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या सरकारचे मतदार असतात. रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार मात्र इथेच करावी लागते. खड्डा स्थानिक आहे.

दिवाळी आटोपली की वस्ती रिकामी व्हायला लागते. घरटी कुणी ना कुणी नागपूरला किंवा आणखी लांब स्वेटर विकायला जाते. मोकळ्या मैदानात टिनाचे किंवा कापडाचे गाळे, वर ‘फिक्स रेट’ची पाटी आणि तिच्याकडे साफ दुर्लक्ष करणारे गिऱ्हाईक. ‘ओरिजिनल तिबेटी आहे ना?’ असे विचारत बाई स्वेटर उलटा करते, शिवण ओढून पाहते, नवऱ्याच्या छातीला लावते आणि दोनशेला मागते. आता हा माल येतो बहुतांशी लुधियानाहून. विकणारी मुलगी जन्मली गोंदिया जिल्ह्यात आणि बोलते हिंदी-मराठी मिसळून. त्या गाळ्यात ओरिजिनल तिबेटी असे एकच असते, तिच्या पर्समधली आरसी, आणि तीसुद्धा विकायला नसते.

त्याच दिवसांत विदर्भाच्या तलावांवर पट्टकादंब उतरतात. हे हंस उन्हाळ्यात तिबेटच्या पठारावर अंडी घालतात आणि थंडीत हिमालय ओलांडून इकडे येतात. मारुती चितमपल्लींनी ज्या नवेगावबांधच्या पक्ष्यांवर आयुष्यातली वर्षे घालवली, तो तलाव याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. पाखरे येतात, खातात-पितात, उन्हे तापली की परवाना न घेता निघून जातात. फार तर एखादा पक्षिशास्त्रज्ञ त्यांच्या पायात क्रमांकाचे कडे घालतो. त्याचे नूतनीकरण करावे लागत नाही.

दुसऱ्या टोकाला आहे आपला एच-१बीवाला. वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून तो एकदाचा अमेरिकन नागरिक होतो, भारताचा पासपोर्ट परत करतो आणि दुसऱ्या दिवशी ओसीआय कार्डाचा अर्ज भरायला बसतो. हा भारताचा आजन्म व्हिजा. गोंदियात जन्मलेला हा परदेशी हवा तेव्हा येऊ शकतो, हवे तितके राहू शकतो, पोलिसांत नोंदणी नाही, मुदतवाढ नाही. त्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर चालते. मतही देता येत नाही, पण कुणाला द्यावे हे तो व्हॉट्सॲपवरून सांगतो. म्हणजे जिल्ह्यात जन्मलेले दोन परदेशी. जो सोडून गेला त्याला आजन्म परवाना आणि जो कधीच कुठे गेला नाही त्याची मुदत पाच वर्षांनी संपते. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहे. कायद्याची दृष्टी तपासून घ्यावी असे मात्र कुणालाही वाटेल.

तपासणी झालीही, नाही असे नाही. परदेशी लोकांवर १९२०, १९३९, १९४६ आणि २००० असे चार कायदे होते. त्यातले तीन इंग्रजांनी केलेले. ते चारही रद्द करून १ सप्टेंबर २०२५ पासून एकच नवा कायदा लागू झाला. त्याआधी २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणले, वसाहतींच्या जमिनींचे भाडेपट्टे वीस वर्षांसाठी करून द्यावेत, धंद्याचे परवाने आणि सरकारी योजनांचे लाभ द्यावेत, असे राज्यांना सुचवले. माणसाची मुदत पाच वर्षे आणि जमिनीची वीस, हे गणित बरे आहे. निदान शेत तरी निर्धास्त राहते.

तेव्हा मुलाच्या व्हिजाचे स्टॅम्पिंग लांबले म्हणून ज्यांची झोप उडाली आहे अशा गोंदियाकर आई-बापांनी एकदा गोठणगावला जाऊन यावे. अर्जुनी मोरगाव स्टेशन गोंदिया-बल्लारशा मार्गावर आहे. पुढे धरणाकडे जाणारा रस्ता धरायचा आणि वाटेत कुणालाही तिबेटी कॅम्प विचारायचा. महाशिवरात्रीला प्रतापगडाची यात्रा भरते, तेव्हा गेलात तर दोन्ही कामे होतील. डिसेंबरात जाऊ नका, निम्मी वस्ती स्वेटरच्या गाळ्यांवर असते. लोसार, म्हणजे त्यांचे नवे वर्ष, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. तेव्हा सगळे घरी भेटतात. तारीख त्यांच्या पंचांगाप्रमाणे दरवर्षी बदलते, म्हणून आधी विचारून निघा.